शुभंकर, एक नग

अब्बा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात एकच भांडण झालं, आणि ते संत्र्याच्या देठावरून होतं.

मी शनिवारी दुपारी अकोल्याहून आले. तिथल्या कॉलेजात मी मराठी शिकवते आणि सुटीला अमरावतीला घरी येते. दार ढकललं तर समोर संत्रं. समोर म्हणजे तसं सगळीकडेच, कारण बैठकीच्या खोलीत त्याच्याशिवाय दुसरं काही मावत नव्हतं. अब्बा स्टुलावर चढून दाभणाने त्याच्या डोक्यावर देठ टाचत होते. आतून अम्मी ओरडली, "त्या शुभंकरले जरा सरकवा, पोरीले आत तं येऊ द्या." मी पर्स डोक्यावर धरून, भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखी आत गेले. त्या हिवाळ्यात आमच्या घरी सगळे पाहुणे असेच येत. शेजारच्या बेबीताई म्हणायच्या, "नबीभाऊच्या घरी गेल्याशिवाय मानसाले आपलं पोट किती वाढलं ते समजत नाई."

"कसं दिसते?" अब्बांनी विचारलं.

"देठ डावीकडे वाकडा आहे."

"वाकडा नाई. संत्र्याचा देठ असाच असते."

"संत्र्याचा असेल. पण बघणाऱ्याला वाकडा दिसतो."

"मंग पाहनाऱ्यानं मान वाकडी कराव."

अम्मीने आधी माझी बाजू घेतली, मग भाकरी वाढताना अब्बांची. जेवणानंतर अब्बा पुन्हा स्टुलावर चढले, देठ उसवला आणि नव्याने शिवला. आता तो उजवीकडे वाकडा होता. संध्याकाळी नमाजहून येताना त्यांनी केळी आणली. एवढाच तो दिवस. सकाळी चहाचा कप घेऊन ते नेहमीसारखे संत्र्याला टेकून बसले आणि बसलेलेच राहिले. टेकून बसायची त्यांना सवयच होती, म्हणून अम्मीने दोनदा नुसतंच विचारलं, चहा थंडा होऊन राहिला ना.

हे सुरुवातीलाच सांगून टाकलं की मग संत्र्याचं सांगता येतं. आणि संत्र्याचं ऐकताना कुणाला हसू आलं तर त्याने संकोच करू नये. आम्हालाही आलं होतं.

देठाच्या भांडणावरून आमचं कुटुंब भांडखोर वाटेल. तसं नाही. आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा पिढीजात धंदा. आणि आमच्या घराचा एक कायदा आहे: नव्या गादीला तोंडाने चांगलं म्हणायचं नाही. म्हटलं की तिला ढेकूण लागतात. माझ्या पणजोबांनी एका मालगुजाराच्या गादीला चांगलं म्हटलं होतं म्हणे, आणि तो मालगुजार पुढे आयुष्यभर खाजवत मेला. त्यामुळे गादी पुरी झाली की घरातल्या प्रत्येकाने तिच्यात एक खोट काढायची. टाका ढिला आहे, कोपरा बसका आहे, खोळीचा रंग उडणार. जितकी गादी चांगली तितकी खोट बारीक. मी पीएचडीचा प्रबंध घरी आणला तेव्हा अब्बांनी तो हातावर तोलला आणि म्हणाले, "पुठ्ठा पातळ हाय." त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

तेव्हा देठ वाकडा आहे याचा अर्थ काय, ते आमच्या घरात सगळ्यांना कळत होतं. निदान कळत असावं.

आता संत्रं. दोन हजार सातच्या सुमाराची गोष्ट. त्या वर्षांत आमच्याकडे पेपर उघडला की माणसं आधी गावाचं नाव शोधायची, आपलं नसलं की मग बाकीचं वाचायची. कापूस गेला होता, संत्र्याच्या बागांना पाणी नव्हतं, आणि मोर्शी-वरुडकडे लोक बहरात आलेली झाडं तोडून जळतणाला विकत होते. अशा वेळी लोकांचं मन रमवायला हवं असं वर कुठेतरी ठरलं आणि संत्रा महोत्सव भरवायचं निघालं. एक अमरावतीला, एक अकोल्याला. त्याच्या समितीवर होते खुशालराव साहेब. त्यांच्या खात्याचं नाव मी घेत नाही. खात्याचा दोष नाही, माणूसही भला होता. खात्याने त्यांना संत्र्याची शेती पाहायला जपानला पाठवलं होतं. तिथे संत्र्यांचाच म्हणावा असा एक भाग आहे, तिथली बाग दाखवायच्या दिवशी पाऊस लागला, म्हणून यजमानांनी यांना फुटबॉलच्या सामन्याला नेलं. खुशालराव संत्री पाहायला गेले आणि फुटबॉल पाहून आले.

पण तिथे त्यांना संत्री दिसलीच. तिथल्या फुटबॉल क्लबची संत्री. माणसाएवढी, गोल, डोळे असलेली, मैदानाच्या कडेने हात हलवत फिरणारी. एक थोरलं, एक धाकटं, एक जरा रागीट.

आमच्या दुकानात गादीवर बसून खुशालराव हे सांगत होते तेव्हा दुकानात अब्बा होते, मी होते आणि एस. टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले नत्थुजी होते. नत्थुजी आमच्या दुकानात रोज पेपर वाचायला येत आणि बदल्यात सल्ला देत.

"त्याला इंग्रजीत मॅस्कॉट म्हणतात," खुशालराव म्हणाले. "आपल्या कागदावर आपण शुभंकर लिहिलंय."

"कोनाचा पोरगा?" नत्थुजींनी विचारलं.

"पोरगा नाही हो. शुभंकर. शुभ करणारा."

"अन् ते नाचते?" अब्बांनी विचारलं.

"नाचतात, हात मिळवतात. एक बेडूकही आहे. तो क्लबचा नाही, कुणी बोलावलेला नाही, आपणहून येतो, आणि सगळ्यात जास्त तोच नाचतो."

"म्हंजे आपल्या गल्लीतलाच," अब्बा नत्थुजींकडे न बघता म्हणाले.

"पण खरं सांगू का, नबीभाऊ," खुशालराव जरा पुढे सरकले. "त्या दिवशी त्यांची टीम हरली. चांगली सपाटून हरली. मला वाटलं, आता ही संत्री गुपचूप मागच्या दाराने जातील. तर नाही. सामना संपल्यावर ती तिन्ही संत्री लोकांसमोर जाऊन उभी राहिली आणि कमरेतून वाकली. लोक भर पावसात उभे. हरलेले. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या."

अब्बांचा हात पिंजलेल्या रुईवर थांबला. "हारले तरी वाकते?"

"हारले तरी वाकते."

तसं संत्रं शिवून द्यायचं काम अब्बांनी घेतलं ते तिथे. लग्नाच्या गाद्या तोवर फोमच्या झाल्या होत्या. पूर्वी शेतकरी आपल्या शेतातला कापूस घेऊन यायचा, पोरीसाठी यातूनच भरा म्हणायचा. रिद्धपूरच्या एका मठाच्या गाद्या आणि जुन्याच गाद्या पुन्हा पिंजून देणं, एवढंच काम उरलं होतं. नवं काम कितीतरी दिवसांनी आलेलं. अब्बांनी पिंजाऱ्याने विचारायचे दोनच प्रश्न विचारले: उंची किती, आणि नरम किती. खुशालराव म्हणाले, उंची माणसाएवढी, आणि नरम इतकं की पोरांनी येऊन मिठी मारली पाहिजे. त्यांनी एक फोटो दिला. तो लांबून काढलेला, त्यात मैदान फार आणि संत्री थोडी.

पुढचं अमरावतीने केलं.

बेबीताईंनी नमुना म्हणून आपल्या फळांच्या गाडीवरचं एक संत्रं आणून दिलं, आणि चर्चा लांबली तेव्हा सोलून खाल्लं. मंडपवाल्याकडून सॅटिन आणलं ते संत्र्याहून गडद निघालं. नत्थुजी काळजीत पडले. "नबीभाऊ, केशरी जास्त झालं तं हे लोक बोलतीन. पान हिरवं मोठं झालं तं ते लोक बोलतीन. समोरून केशरी, वरतून हिरवं, अन् शिवनारे तुमी."

"मंग संत्र्याले सांगा, रंग बदलव म्हना," अब्बा म्हणाले. पण पान त्यांनी दोन बोटं कमी केलं.

मग चेहऱ्याचा प्रश्न आला. अम्मीचं म्हणणं, आपण तोंडडोळ्यांचं चित्र काढू नये, घरात नमाज होते. अब्बांनाही ते पटत होतं आणि कामही सोडवत नव्हतं. शेवटी डोळे बेबीताईंनी काढायचे ठरले. बेबीताईंना आयुष्यात एकच चेहरा काढता येत होता, त्यांच्या घरच्या महालक्ष्म्यांचा. तोच त्यांनी काढला. मोठे डोळे, काजळ, आणि मागाहून राहवलं नाही म्हणून भुवया. त्या दिवसापासून आमच्या दारावरून जाणारी माणसं उघड्या दारातून आत बघायची आणि चपला काढायची. एका म्हातारीने उंबऱ्यावर हळद वाहिली. अम्मी म्हणाली, "नाव हिंदूचं, डोये देवीचे, अन् रायते पिंजाऱ्याकडं. याची भाड्याची पावती कोनाच्या नावानं फाडू?"

काम पुरं झालं. खुशालराव बघायला आले. भिंतीला पाठ लावून आत शिरले आणि संत्र्याभोवती जेवढं फिरता येत होतं तेवढं फिरले. त्यांचे डोळे भरून आले असं मला वाटलं. घरच्या कायद्याप्रमाणे आम्ही सगळ्यांनी एकेक खोट काढली. मग खुशालराव म्हणाले, "आणि आत कुठून जायचं?"

"आत म्हंजे?"

"म्हणजे माणूस. माणूस आत कुठून जातो?"

अब्बांनी आधी संत्र्याकडे बघितलं, मग खुशालरावांकडे.

"याच्यात मानूस काहून जाईन?" अब्बांनी अगदी खऱ्या कुतूहलाने विचारलं.

त्यांनी संत्रं भरीव केलं होतं. आरपार, गच्च, धामणगावच्या एक नंबर रुईचं. आणि दोन्ही कुशीला सुतळीचे दणकट फासे शिवले होते, बांबू घालायला. कारण अब्बांनी जन्मभर पाहिलं होतं की एवढं मोठं काही असलं की ते माणसं खांद्यावर घेतात. ताजिया घेतात, गणपती घेतात, नवरदेवाच्या मामाला घेतात. शुभंकर नाचतो म्हणजे चार जण त्याला खांद्यावर घेऊन नाचणार, यात विचारण्यासारखं काय होतं? आणि जपानात नसतील घेत, तर जपानचं काय सांगावं, तिथे काहीही आपोआप नाचत असेल.

खुशालराव संत्र्याला टेकून खाली बसले. नत्थुजींनी सल्ला दिला की समितीनेच कार्यक्रम बदलावा. बेबीताई म्हणाल्या, डोळ्यांना हात लावायचा नाही. अम्मी आत गेली आणि तिच्या हसण्याचा आवाज भांड्यांच्या आवाजात लपवायचा तिने प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी संत्र्याची पाठ उसवली. आत किती पोकळी ठेवायची त्याचं माप हवं होतं, आणि पिंजाऱ्याचं माप घ्यायची रीत एकच: त्यावर झोपायचं. अब्बा रुईच्या ढिगावर आडवे झाले, अम्मीने खडूने त्यांच्याभोवती रेघ ओढली, आणि त्या रेघेबरहुकूम त्यांनी पोकळी शिवली. खांदे, कोपरं, थोडं पुढे आलेलं पोट, सगळं.

त्यामुळे झालं असं की समितीने आत शिरायला जो माणूस पाठवला, खात्याचा ड्रायव्हर देवमन, तो छातीपर्यंत गेला आणि अडकला. त्याला बाहेर काढायला एक तास आणि खोबऱ्याचं तेल लागलं. मग आणखी एक जण आला, तो इतका किडकिडीत की आत गेल्यावर संत्रं एकीकडे बघायचं आणि तो दुसरीकडे. शेवटी सगळे अब्बांकडे बघू लागले.

अब्बांना साठीची पांढरी दाढी होती. मशिदीत त्यांची जागा ठरलेली होती. त्यांनी एकच अट घातली, की आत कोण आहे ते कुणाला कळता कामा नये. खुशालरावांनी शपथेवर कबूल केलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या अमरावतीला माहीत झालं.

महोत्सवाच्या दिवशी मी मुद्दाम मागच्या रांगेत बसले. मंचावर भाषण चालू होतं. शेतकऱ्याने खचून जाऊ नये, असं पाहुणे तिसऱ्यांदा सांगत होते. समोर बागाईतदार बसले होते, हातात टोप्या धरून, जसं मयताला बसतात. संत्रं मैदानाच्या कडेने चाललं होतं. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. रुई किती जड असते ते आम्हालाच माहीत. मंचासमोर येऊन ते लोकांकडे वळलं आणि कमरेतून वाकलं.

म्हणजे वाकायला गेलं. भरलेली गादी वाकत नाही, ती कलंडते. संत्रं तोंडावर पडलं आणि उतार होता म्हणून गडगडत निघालं. खचून जाऊ नये, असं पाहुणे म्हणत असताना ते मंचाच्या पायरीला आपटलं, तिथून वळलं, हारांच्या टेबलाला घासून देवीचे डोळे वर-खाली करत गेलं आणि पहिल्या रांगेतल्या बागाईतदारांच्या पायाशी जाऊन थांबलं.

मग एक जण हसला. मग रांग हसली. मग टोप्या तोंडावर धरून ती सगळी माणसं अशी हसली की भाषण थांबलं. त्यांतला एक जण हसता हसता रडायला लागला आणि शेजारच्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण हसणं थांबवलं नाही.

माझा मान म्हणाल तर त्या दिवशी मैदानाच्या मातीत मिसळला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचे वडील ना?" मी म्हटलं, "हो." एवढंच म्हटलं.

घरी अब्बांच्या गुडघ्याला हळद लावताना अम्मी बोलत होती आणि ते ऐकत नव्हते. मला म्हणाले, "बेटा, लोक हासले."

"आतून ऐकू आलं?"

"आतून सगळं ऐकू येते. आतलं बाहेर जात नाई. रुई आवाज खाते." मग गुडघा सरळ करून म्हणाले, "अकोल्याले बी जाईन. जबान देल्ली मी खुशालरावले."

मी म्हटलं, "वाकताना गुडघे आधी वाकवा." ते हसले. त्यांना कळलं असावं. असावं, असं मी पुन्हा लिहिते आहे.

गडगडताना निघालेला देठ ते अकोल्यासाठी पुन्हा टाचत होते, त्या शनिवारचं सुरुवातीला सांगितलंच. जनाजा निघताना संत्र्याची अडचण झाली. पुढे गल्ली माणसांनी भरलेली, आणि मागच्या अंगणात ते जाईना, कारण मागचं दार लहान. मग माझ्या चार आतेभावांनी ते भिंतीशी उभं करून दाबून धरलं आणि वाट केली. पण रुई चांगल्या जातीची होती. ती दाबली जायची आणि पुन्हा हळूच त्यांना पुढे ढकलायची. डोळ्यांतून पाणी गाळत ते चौघं तिच्याशी झटत होते, आणि अब्बा त्यांच्या समोरून गेले.

पुढच्या दिवसांत बसायला आलेली माणसं संत्र्यालाच टेकून बसली. दुसरी जागा नव्हती, आणि एवढं नरम टेकायला कुठे मिळतं? मौलवीसाहेब आधी डोळ्यांकडे बघून बिचकले, मग पाठीकडून टेकले आणि दुआ झाल्यावरही बराच वेळ उठले नाहीत. नत्थुजी रोज आले. पेपर हातात, पण उघडला नाही. एके दिवशी त्यांनी संत्र्यात तोंड खुपसलं आणि त्यांचे खांदे हलताना दिसले. काही ऐकू आलं नाही. रुई आवाज खाते.

मग खुशालराव आले. बसले, चहा घेतला, अब्बांबद्दल बोलले. मग उठले आणि पुन्हा बसले. शेवटी म्हणाले, "ताई, अकोल्याचा महोत्सव आठवड्यावर आलाय. मला बोलायला जड जातंय. वरून निरोप आहे. देवमनच आत जाईल. फक्त पोकळी जरा मोठी करावी लागेल. मी दुसरा कारागीर बघतो. थोडं फाडायचं, दोन-तीन किलो कापूस काढायचा."

अम्मी इद्दतमध्ये, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने पाळायच्या एकांतात होती, पडद्यामागे. तिथून आवाज आला. "हात लावू नका त्याले."

"भाभी, ती आता शासकीय मालमत्ता आहे. तिच्यावर नंबर पडलाय." आणि खरंच, संत्र्याच्या मागच्या बाजूला, जिथे माणसाला कुणी नंबर टाकत नाही तिथे, काळ्या रंगात नंबर होता.

"नंबर भाईरून हाय. आतलं माप माह्या मानसाचं हाय."

खुशालराव अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी लिहून विचारलं होतं वर. की ज्याने करायचं तो माणूस गेला. त्यांनी उलट विचारलं, पर्यायी व्यवस्था काय."

मला पोकळी दिसत होती. पाठीची उसवण उघडीच होती. खडूची रेघ आत कुठेतरी अजून असणार. अब्बांचे कपडे आम्ही वाटून टाकले होते, चष्मा अम्मीने पेटीत ठेवला होता, पण ते किती होते, कुठून कुठपर्यंत होते, हे आता फक्त तिथे उरलं होतं. आणि ते वाचवायचं तर त्यांची जबान जात होती. खुशालरावांना नाही म्हणायला मी तोंड उघडलं.

पडद्यामागून अम्मी म्हणाली, "जेबा. ईदले त्यांचे कुरते तूच घालायची ना? तुले कधी ढिले झाले का?"

"अम्मी, मी अकोल्यात शिकवते. तिथं माझी वर्गातली मुलं येतील बघायला."

"आत कोन हाय ते कोनाले समजत नाई म्हने," अम्मी म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदा जरा पूर्वीसारखा वाटला.

"पण ताईंचं नाव मंजूर यादीत नाही," खुशालराव म्हणाले.

"मग मी बेडूक म्हणून येते," मी म्हटलं. "त्याचं तरी कुठे होतं?"

टेम्पोत संत्रं आणि मी मागे बसलो. बडनेरा, मूर्तिजापूर, सगळीकडे लोक बघत होते. अकोल्याच्या नाक्यावर एका माणसाने टेम्पो अडवला. माल काय आहे? फळ असेल तर एक पावती, कापूस असेल तर दुसरी, मूर्ती असेल तर पोलिसांची परवानगी. देवमन म्हणाला, फळ. नाक्यावरच्या माणसाने दाबून बघितलं आणि म्हणाला, हा कापूस आहे. मग पुढून येऊन डोळे बघितले आणि हात जोडले. म्हणाला, ही तर मूर्ती आहे. मी खाली उतरले आणि त्याला शुभंकर शब्दाची व्युत्पत्ती समजावून सांगितली. मी हे वर्गात चांगलं करते. त्याने शेवटी पावतीवर लिहिलं: शुभंकर, एक नग. मग माझ्याकडे बघून विचारलं, "अन् तुमी कोन याच्या?"

देवमन म्हणाला, "घरच्या हायेत."

मैदानावर कनातीच्या मागे मी आत शिरले. देवमनने पाठीचे बंद बांधले.

आत अंधार होता. रुईचा वास होता, आणि त्यात थोडा अब्बांच्या हिन्याच्या अत्तराचा. मी हात खाली सोडले तर कोपरं आपोआप दोन खळग्यांत बसली. खांद्यांनाही जागा होती. पोटाजवळ थोडी जास्त. मी काहीच करत नव्हते. उभी होते आणि चारी बाजूंनी मला धरलेलं होतं.

बाहेर ताशा लागला. मी निघाले. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. संत्र्याच्या तोंडाला ठेवलेल्या जाळीतून माणसं दिसत होती. तसेच बसलेले, टोप्या तशाच हातात. माझ्या वर्गातल्या दोन मुली दिसल्या, करिश्मा आणि अलीझा, आणि मी मनातल्या मनात त्यांना पुढच्या तासाचं पान सांगितलं. मंचावरून कुणीतरी खचून जाऊ नका म्हणत होतं. मी लोकांसमोर जाऊन उभी राहिले. आधी गुडघे वाकवले, मीच सांगितलं होतं तसं. आणि वाकले.

त्याने काही फरक पडत नाही. भरलेली गादी कलंडतेच.

इथे उतार नव्हता, म्हणून मी नुसतीच पडले आणि तिथेच डोलत राहिले. हसण्याचा आवाज आला. दुरून सुरू झाला आणि जवळ आला, पहिल्या रांगेपर्यंत. आतून सगळं ऐकू येतं. मग कुणाचे तरी हात लागले, मला सरळ करत होते. जाळीतून एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा दिसला. नऊवारी, कपाळावर गोंदण, हसून हसून डोळ्यांना पदर लावलेला. तिने मला उभं केलं, पण हात काढला नाही. तळहाताने दाबून बघत राहिली, जशी बाजारात बायका गादी बघतात.

"बाई, किती नरम," ती शेजारणीला म्हणाली. "घरच्या कापसाची गादी होती माह्या लग्नात, तशी. कोनं केलं व हे?"

शेजारीण म्हणाली, "संत्र्याले काय इचारतं?"

"माह्या अब्बानं," मी आतून म्हटलं.

आवाज रुईत गेला. म्हातारी तशीच दाबत होती. मी तोंड जाळीला लावलं. देठ डोक्यावर कुठेतरी उजवीकडे वाकलेला होता, आणि लागायचे ते ढेकूण लागोत.

"माह्या अब्बानं केलं," मी मोठ्याने म्हटलं. ती दचकून मागे झाली आणि परत पुढे आली. "चांगलं झालं. लय चांगलं झालं, अब्बा."